नाव नाई त सुरी नाई

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी दाराबाहेर चांगली पाच मिनिटं ताटकळत उभी होते, कारण आत दोन माणसं बोलत होती आणि मध्येच घुसणं बरं दिसेना. एक जाड आवाज विचारायचा, नाव? बारीक आवाज एका बाईचं नाव सांगायचा. गाव? बारीक आवाज गाव सांगायचा. वय, तारीख, अवयव, सगळं जुळलं की जाड आवाज समाधानानं "बरं" म्हणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेवटी हिंमत करून दार ढकललं, तर आत एकच माणूस. कधीकाळी पांढरा असलेला ॲप्रन, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली, एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात बरणी. कागद वाचायचा तो जाड आवाजात आणि बरणीवरची चिठ्ठी वाचायची ती बारीक आवाजात, अशी त्यांनी वाटणी केली होती. मला पाहून ते जराही ओशाळले नाहीत. बरं झालं आली, म्हणाले, आता बरणीचं तू वाच, माहा गळा बसला.

हे आमचे मामा. हॉस्पिटलात शिपायापासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांनाच मामा म्हणतात, पण आमच्या विभागात मामा म्हटलं की एकच माणूस मान वळवायचा. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं म्हणे. वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्या हॉस्पिटलात हे घडलं ते मी सांगणार नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून तिथंच आहेत आणि मीही आहे.

आमचं काम काय ते सांगते. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ किंवा अवयव आमच्या पॅथॉलॉजी विभागात येतो. तो मोजायचा, वजन करायचं, कापून आत पाहायचं आणि त्यातले नेमके कोणते बारीक तुकडे काचेवर चढवून डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचे ते ठरवायचं. याला ग्रॉसिंग म्हणतात. तुकडाच चुकीचा घेतला तर डॉक्टर कितीही हुशार असोत, रोग त्यांना दिसणार कुठून? परदेशात यासाठी पॅथॉलॉजिस्टचा सहायक म्हणून वेगळा माणूस असतो. त्याला आधी विज्ञानाची पदवी लागते, मग दोनेक वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, त्यातच प्रत्यक्ष टेबलावरचं काम, मग एका मंडळाची परीक्षा, आणि पास झाल्यावरही आपण शिकणं थांबवलेलं नाही याचा पुरावा अधूनमधून द्यावा लागतो. आमच्याकडे एवढ्या सगळ्याच्या जागी मामा होते. कागदोपत्री डॉक्टर सांगायचे आणि मामा करायचे. प्रत्यक्षात मामा सांगायचे आणि शिकाऊ डॉक्टर माना डोलवायचे.

मामांचं शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या फेरीत. बाटल्या धुवायला म्हणून लागले. तेव्हाच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हाताची सफाई पाहिली आणि बाटल्या सोडवून हाती सुरी दिली. माझं शिक्षण म्हणाल तर बारावी सायन्स, मग पदविका, मग सहा महिने बिनपगारी उमेदवारी, मग कौन्सिलची नोंदणी आणि तिचा नंबर. सगळी प्रमाणपत्रं मी प्लॅस्टिकच्या फाइलीत घालून नेली होती. मामांनी एकेक काढून उजेडाला धरून पाहिलं आणि विचारलं, यात सुरीला धार लावायचा कागद कोणता. तो नव्हता. मग दोन वर्षं नेमकं काय करत होतीस, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मला इतका राग आला की त्या दिवशी मी डबाही खाल्ला नाही.

डब्यावरून आठवलं. मामा कोपरापर्यंत तीन वेळा हात धुऊन जेवायला बसत, तरी त्यांच्या अंगाचा फॉर्मॅलिनचा वास जात नसे. अवयव टिकवायचं ते औषध, डोळ्यांतून पाणी काढणारं. बोरगाव मेघ्याला त्यांच्या घरी सत्यनारायण असला की त्यांची बायको त्यांना आदल्या दिवशी सुट्टी घ्यायला लावी. मामांना मात्र त्या वासाचा अभिमान होता. एसटीत कितीही गर्दी असो, दोन थांब्यांत शेजारची सीट रिकामी होते, असं ते सांगत आणि माझ्याकडे दयेनं पाहत, की तुला अजून ही सवलत लागू झालेली नाही.

त्यांच्या मोजमापांनी विभागप्रमुख मॅडमचं डोकं उठायचं. मामांना सेंटिमीटर कळत नव्हते असं नाही, पण त्यांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. गाठ तुरीएवढी, सरकीएवढी, बोराएवढी, नाहीतर संत्र्याएवढी असायची. एकदा मॅडमनी चिडून पट्टी लावली, तर मामांचा हरभरा नेमका आठ मिलिमीटर भरला. मॅडम म्हणाल्या, असं रिपोर्टात लिहिता येत नाही. मामा म्हणाले, नका लिहू, पण पेशंटच्या घरच्यांना सांगताना हरभराच सांगा, मिलिमीटर ऐकून ते जास्त घाबरतात. पुढे एकदोनदा मॅडमनाही नातेवाइकांशी बोलताना हरभरा म्हणताना मी ऐकलं आहे.

गावोगावच्या लहान दवाखान्यांतून गाठी यायच्या त्या मिळेल त्या भांड्यातून. श्रीखंडाचे डबे, मधाच्या बाटल्या, एकदा तर झाकणावर फुलं रंगवलेला कुंकवाचा करंडा. एक जण आईच्या पोटातली गाठ स्टीलच्या डब्यात मिठाच्या पाण्यात घालून घेऊन आला. कैरी मिठात टिकते, मग गाठ का नाही टिकणार, असा त्याचा हिशेब होता. शिकाऊ डॉक्टर हसायला लागले, तसं मामांनी त्यांना बाहेर काढलं. मग त्या माणसाला बसवून, पाणी देऊन समजावलं की औषध गाठीच्या दहापट पाहिजे, नुसती ओली होऊन चालत नाही, बुडाली पाहिजे. चूक तुही नाई, म्हणाले, तुले कोनं सांगतलंच नाई. तो गेल्यावर त्यांनी त्या लहान दवाखान्याला फोन लावला आणि तिथल्या डॉक्टरला जे ऐकवलं त्यात मात्र समजावणं अजिबात नव्हतं.

पण मामांचा खरा धर्म म्हणजे ते नाव वाचणं. कागदावरचं नाव एकानं मोठ्यानं वाचायचं, बरणीवरचं दुसऱ्यानं, आणि दोन्ही जुळल्याशिवाय सुरी उचलायची नाही. दुसरा माणूस नसला तर दोन्ही आवाज स्वतःच काढायचे. खूप वर्षांपूर्वी एकाच नावाच्या दोन बाया, एक सिंदी मेघ्याची आणि एक दूर खेड्यातली, एकाच दिवशी त्यांच्या टेबलावर आल्या होत्या आणि बरण्यांची अदलाबदल होता होता राहिली होती. एकीला कॅन्सर होता. त्यानंतर मामा आठ दिवस जेवले नाहीत असं ते स्वतः सांगायचे, दोन दिवस असं त्यांची बायको सांगायची. तेव्हापासून हा नियम. विभागप्रमुख असोत की पाहुणे, कोणीही घाई केली की मामा सुरी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, नाव नाई त सुरी नाई. घाईच्या दिवशी आम्ही सगळे या नियमाला मनातल्या मनात शिव्या द्यायचो, मी सगळ्यांत जास्त.

आणि मग तो कागद आला. हॉस्पिटलला बाहेरून मान्यता घ्यायची होती. त्यासाठी रुग्णाच्या नमुन्याला हात लावणारा प्रत्येक माणूस शिकलेला आणि नोंदणी झालेला हवा होता. मॅडमनी मामांना बोलावून सांगितलं, फार वाईट वाटून सांगितलं, की पदविका आणि नोंदणी नसेल तर तुम्हाला तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये जावं लागेल. मामांनी बाहेर येऊन माझ्याकडून सगळ्या पायऱ्या विचारून घेतल्या आणि पाठकोऱ्या फॉर्मवर मांडल्या. बारावी सायन्सची दोन वर्षं, त्यांच्या गणिताच्या लौकिकाप्रमाणे चार. पदविकेची दोन. उमेदवारीचे सहा महिने. नोंदणीला किती लागतील ते देव जाणे. निवृत्तीला पाच वर्षं राहिली होती. म्हणजे मी रिटायर होऊन दोन वर्षांनी लायक होतो, असं म्हणून ते खूप हसले. मग उठून सिंकपाशी गेले आणि नळ सोडून बराच वेळ नुसतेच उभे राहिले. ते हात धूत नव्हते हे मला दिसत होतं, आणि त्यांना माझी गरज आहे असं मला पहिल्यांदा वाटलं.

मॅडमनी भांडून एक वाट काढली. जुन्या अनुभवी माणसांसाठी एक लेखी पेपर आणि एक प्रात्यक्षिक, बाहेरचे परीक्षक. दोन्हींत पास झालं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेबल कायम. नापास झालं तर तळघर, पुन्हा संधी नाही. शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली.

असा विद्यार्थी शत्रूलाही मिळू नये. पुस्तकातलं प्रत्येक वाक्य मी वाचायचं आणि मामांनी त्याच्यावर अपील करायचं. पुस्तक म्हणे, गाठीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे एक तुकडा घ्यावा. मामा म्हणत, पुस्तक लिहिणाऱ्यानं जिथं गाठ दगडासारखी लागते तिथं बोट ठेवून पाहिलं होतं का? सेंटिमीटर पाठ व्हावेत म्हणून मी तक्ता केला, तूर म्हणजे किती, सरकी म्हणजे किती. हरभऱ्याशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं. हरभरा देशी का टपोरा डॉलर, ते लिहिलेलं नव्हतं. तक्ता चुकीचा आहे, म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी घरून दोन्ही जातींची पुरचुंडी बांधून आणली. आम्ही दुपारभर हरभरे मोजत बसलो. शिकाऊ डॉक्टर मंडळींना वाटलं की भिजवायला घेतले आहेत.

तरी माणूस हट्टाला पेटला होता. घरी नातीच्या अभ्यासाच्या टेबलावर तिच्या शेजारी बसून वाचायचे. नात त्यांना पाढे विचारायची, ते तिला पित्ताशयाचे भाग विचारायचे. लेखी पेपरात चाळीसपैकी बावीस मिळाले. मामांनी विभागभर पेढे वाटले, आणि उरलेल्या अठरा गुणांसाठी पेपर काढणाऱ्यालाच दोषी धरलं.

प्रात्यक्षिक मात्र मीच बुडवायला निघाले होते.

टेबलं मांडायचं काम माझं होतं. आमच्या खोलीत दोन मांडण्या होत्या. उजव्या मांडणीत जुन्या बरण्या, ज्यांचे रिपोर्ट देऊन झालेले, महिन्याभरानं टाकून द्यायच्या. डाव्या मांडणीत त्या दिवशी आलेल्या, अजून हात न लागलेल्या. परीक्षेला चार उमेदवार, म्हणून चार जुन्या बरण्या. तीन घेतल्या, चौथी गळत होती. तेवढ्यात परीक्षक सर आले, मॅडमनी हाक मारली, आणि मी चौथी बरणी घाईत उचलली ती डावीकडची. नावावरून जुना रिपोर्ट आठवून उमेदवारांना आधीच रोग कळू नये म्हणून चिठ्ठीवर नंबराचा कागद चिकटवायचा असं ठरलं होतं. मी तिचं नाव न वाचता तिच्यावर तीन नंबर चिकटवला. इतक्या वर्षांत मामांनी मला एकच गोष्ट शिकवली होती आणि मी नेमकी तीच केली नाही.

तीन नंबर मामांच्या वाट्याला आला.

बाकीच्या तिघांनी सुऱ्या चालवायला सुरुवात केली. ते तिघे बाहेरच्या लॅबमधले होते आणि मान खाली घालून भराभर कापत होते. मामांनी बरणी उचलली, फिरवून पाहिली. लोणच्याची बरणी, आणि झाकण सैल होऊ नये म्हणून त्याच्याभोवती सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. तो तुकडा पाहिला आणि मी बरणी ओळखली. सकाळच्या पहिल्या गाडीनं हिंगणीचा एक माणूस ती मांडीवर धरून घेऊन आला होता. त्याच्या बायकोच्या छातीतली गाठ होती. मामांनीच ती खिडकीतून घेतली होती, ट्यूबचं कौतुक केलं होतं आणि त्याला चहा प्यायला पाठवलं होतं.

परीक्षेनंतर चारही बरण्यांमधलं सगळं टाकून द्यायचं होतं. त्या बाईची गाठ एकच होती, दुसरी आणायला मिळणार नव्हती.

मामांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग सुरी ट्रेमध्ये ठेवली आणि परीक्षकांना विचारलं, "साहेब, याचं नाव काय?"

"नंबर तीन."

"नंबर झाला. नाव काय?"

परीक्षक सर जरा कडक होते. ही परीक्षा आहे, इथं नावं नसतात, तुम्ही कापायला घ्या, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मामांनी नम्रपणे मान हलवली, स्टुलावर बसले आणि बरणी मांडीवर घेतली. सर म्हणाले, वेळ जातोय, शून्य गुण पडतील. "पडू द्या," मामा म्हणाले, "नाव नाई त सुरी नाई."

ते एवढंच म्हणत राहिले. ही बरणी आजची आहे, हिंगणीची आहे, हे एका वाक्यात सांगून ते सुटले असते. पण तसं सांगितलं असतं तर बाहेरच्या परीक्षकांसमोर पहिला प्रश्न आला असता की ही इथं ठेवली कोणी, आणि माझा करार पुढच्या महिन्यात नव्यानं व्हायचा होता. परीक्षा संपल्यावर गुपचूप बरणी परत डावीकडे ठेवायची आणि स्वतः तळघरात जायचं, असा त्यांचा बेत मला अगदी स्वच्छ दिसत होता.

मी लगेच बोलले असं सांगायला मला आवडलं असतं. मी बोलले नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. कराराचा विचार करत होते, घरच्या हप्त्यांचा करत होते, आणि मामा आता काहीतरी बोलतील आणि माझी सुटका करतील याची वाट पाहत होते. दहा मिनिटं गेली. मामा बरणीचं झाकण नीट घट्ट करत बसले होते, मांडीवर मूल असावं तसे. ते पाहून मला स्वतःची इतकी लाज वाटली की माझा आवाज आपोआप निघाला.

"सर, ती बरणी परीक्षेची नाही. मी चुकून ठेवली. आजचा पेशंट आहे."

खोलीतल्या सुऱ्या थांबल्या. सरांनी तीन नंबरचा कागद हलकेच सोलून काढला, खालचं नाव वाचलं आणि रजिस्टर मागवून ताडून पाहिलं. मग मामांना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का?

"मले कसं मालूम राहीन साहेब," मामा म्हणाले, "नाव त झाकलेलं होतं ना."

सरांनी खिशातून गुणांचा तक्ता काढला. त्यातला पहिलाच मुद्दा होता, कापण्याआधी फॉर्मवरचं आणि बरणीवरचं नाव जुळवणे, पाच गुण. आम्ही सगळ्यांनी मिळून तो प्रश्न कागद चिकटवून झाकून टाकला होता, आणि सरांसकट एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. सर थोडे ओशाळले. बाकीच्या तीन बरण्यांवरचे नंबरही त्यांनी स्वतः सोलले आणि मामांना उजवीकडची एक जुनी बरणी द्यायला सांगितलं, वेळ पहिल्यापासून.

त्या बरणीत एक पित्ताशय होतं. मामांनी कागद हातात घेतला, सरांना बरणीची चिठ्ठी वाचायला सांगितली, आणि एवढे मोठे परीक्षक सर शाळेतल्या पोरासारखे नाव, गाव, वय वाचत उभे राहिले. जुळलं. मग मामांनी सुरी उचलली. त्यानंतर सरांनी एकही प्रश्न विचारला नाही, नुसते जवळ सरकत गेले. खड्याचं माप सांगताना मामा अडखळले, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या कष्टानं सेंटिमीटर म्हणाले. सरांनी पट्टी लावली आणि लिहून घेतलं.

मामा पास झाले. त्या बाईची गाठ त्याच दुपारी मामांनी डॉक्टरांना शेजारी उभं करून कापली, माझ्याकडून नाव मोठ्यानं वाचून घेऊन. गाठ साधी निघाली. रिपोर्ट न्यायला तिचा नवरा आला तेव्हा त्याला विश्वासच बसेना, त्यानं दोनदा वाचून घेतलं, डोळे पुसले, आणि मग विचारलं की लोणच्याची बरणी परत मिळेल का, घरची होती. मामांनी त्याला नवी बरणी घ्यायला सांगितलं, आणि सायकलची ट्यूब मात्र धुऊन परत दिली.

माझं काय व्हायचं ते झालं. करार शाबूत राहिला, पण मेमो आला. टंकलिखित, जावक क्रमांकासह, माझ्या नावावर, की आपण नमुना हाताळताना अक्षम्य निष्काळजीपणा केला. आयुष्यात माझ्या नावानं आलेला प्रत्येक कागद तोवर कौतुकाचा होता. मी स्टोअरमध्ये फॉर्मॅलिनच्या कॅनवर बसून रडले, आणि तिथं डोळ्यांत पाणी आल्याचं कोणाला नवल वाटत नाही म्हणून मनसोक्त रडले.

मामा शोधत आले. हातात त्यांचं नवं प्रमाणपत्र होतं, घरी न्यायला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. त्यांनी माझ्या हातातला मेमो मागून घेतला, चष्मा सावरला आणि एकेक ओळ वाचली. मग उजेडाला धरून शिक्काही पाहिला. मी म्हटलं, मामा, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत? ते शेजारच्या कॅनवर बसले, मेमोची व्यवस्थित घडी घातली आणि माझ्या मांडीवरच्या त्या प्लॅस्टिकच्या फाइलीत, सगळ्या प्रमाणपत्रांच्या वर, ठेवून दिली.

"काऊन रडून राह्यली वं," ते म्हणाले. "माहं सर्टिफिकेट राह्यलं होतं, तुहा मेमो राह्यला होता. आता दोघायचंही शिक्षण पुरं झालं."